फॉरेन्सिक नर्स व्हायचंय, पण जागाच निघत नाही

पत्र: मी २९ वर्षांची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी. मराठवाड्यातल्या एका सिव्हिलमध्ये सहा वर्षं अधिपरिचारिका आहे, त्यातली चार कॅज्युअल्टीत गेली. मागच्या वर्षी एका मुलीचे कपडे आमच्याकडून पुरावा म्हणून गेले, त्यांवर प्रयोगशाळेचा शेरा आला की कपड्यांना बुरशी लागली आहे, तपासणी शक्य नाही. ते कपडे प्लास्टिकच्या पिशवीत मीच भरले होते. मला कोणी बोललं नाही, कारण चूक झाली हेच कोणाला कळलं नाही. तेव्हापासून डोक्यात फॉरेन्सिक नर्सिंग आहे, म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करताना गुन्ह्याचा पुरावाही जपण्याचं काम. ऑनलाइन सहा महिन्यांचा एक डिप्लोमा दिसतो, फी ८५ हजार, ‘हमखास प्लेसमेंट’. पुढे पीएचडी करून संशोधनात जायचं आहे. डिप्लोमा करू का? आपल्याकडे हे करिअर आहे तरी का? वॉर्ड आणि संशोधन दोन्ही जमतं का? आई म्हणते, हे मढ्यांचं काम आहे.

सिस्टर,

डिप्लोमा आत्ता करू नका. ८५ हजार रुपये एमएस्सीसाठी बाजूला ठेवा. तरीही मोह होत असेल तर त्या संस्थेला लेखी तीन गोष्टी विचारा. अभ्यासक्रमाला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? पूर्ण झाल्यावर तुमच्या राज्य परिषदेच्या नोंदणीत ती अर्हता चढते का? प्रात्यक्षिकं कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या देखरेखीखाली, किती तास? उत्तरात फक्त रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आणि शेवटी बहुपर्यायी परीक्षा असेल, तर ते प्रमाणपत्र फ्रेम करून लावण्यापुरतंच. ‘हमखास प्लेसमेंट’ कुठे, हे तर नक्की विचारा. शासकीय रुग्णालयांच्या भरतीत फॉरेन्सिक नर्स या नावाने जाहिरात निघत नाही, मग प्लेसमेंट कसली?

जागा का निघत नाही, याचं उत्तर कायद्यात आहे. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची वैद्यकीय तपासणी कोणी करायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ मध्ये लिहिलं आहे: नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने, म्हणजे डॉक्टरने. जुन्या संहितेत हेच कलम १६४-अ होतं. अहवालावर सही डॉक्टरची, आणि तो सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठवायची जबाबदारीही डॉक्टरचीच. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे मेम्फिस, मिनियापोलिस, अमरिलो या शहरांत १९७०च्या दशकातच प्रशिक्षित परिचारिका स्वतः तपासणी करू लागल्या. १९९२ साली त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९९५ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने या शाखेला स्वतंत्र मान्यता दिली. तिथली नर्स तपासणी करते, नमुने घेते आणि कोर्टात उभी राहून मतही देते. आपल्याकडचे बरेचसे ऑनलाइन कोर्स तिथल्या अभ्यासक्रमावरून उचललेले असतात. त्यामुळे त्यातलं बरंचसं कौशल्य इथे वापरायची तुम्हाला मुभाच नाही, आणि इथे जे रोज लागतं ते त्यात नसतं.

मात्र चित्र हलू लागलं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या सुधारित बीएस्सी अभ्यासक्रमात पाचव्या सत्रात फॉरेन्सिक नर्सिंग आणि भारतीय कायदे यांची ओळख करून देणारा २० तासांचा स्वतंत्र विषय आला आहे. तुम्ही पोस्ट बेसिकच्या वाटेने आल्यामुळे तो तुमच्या वाट्याला आला नाही. आता हा विषय प्रत्येक कॉलेजात कोणीतरी शिकवायला हवा, आणि शिकवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. तुमची पहिली खरी संधी तिथे आहे, प्लेसमेंटच्या जाहिरातीत नाही.

आईंना सांगा, मढ्यांचं काम शवविच्छेदन कक्षात चालतं. फॉरेन्सिक नर्सिंगमधली बहुतेक माणसं जिवंत असतात: मारहाण झालेली बायको, विष घेतलेला शेतकरी, भाजलेली सून, अंगावर वळ घेऊन आलेलं मूल, पोलीस कोठडीतून आणलेला आरोपी, मुलाने ढकलून दिलेली म्हातारी. डॉक्टर येण्याआधीचा अर्धा तास आणि डॉक्टर गेल्यानंतरची रात्र सिस्टरच्या हातात असते. पुरावा टिकतो किंवा जातो तो बहुतेकदा या दोन वेळांत.

तुमच्या प्लास्टिकच्या पिशवीपासूनच सुरू करू. ओलसर कापड हवाबंद पिशवीत गेलं की आतल्या आत घाम सुटतो, जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि डीएनएचे तुकडे पडतात. उन्हाळ्यातल्या बंद खोलीत याला फार दिवस लागत नाहीत. म्हणून कपडे कागदातच ठेवायचे. जमिनीवर दोन मोठे कोरे कागद अंथरायचे. खालचा जमिनीच्या घाणीपासून वाचवतो, वरच्यावर कपड्यांतून पडलेली माती, केस, काड्या जमतात. रुग्णाने त्यावर उभं राहून स्वतः कपडे काढायचे, एकेक करून. वरचा कागद जमलेल्या कचऱ्यासकट घडी घालून वेगळा पाठवायचा. कपडे झटकायचे नाहीत. ओले असतील तर सावलीत, कागदावर पसरून वाळवायचे. उन्हात नाही, ड्रायरने नाही. मग प्रत्येक कपड्याला वेगळं कागदी पाकीट, आणि घडी घालताना डागावर डाग टेकू नये म्हणून मध्ये कोरा कागद. सगळे कपडे एकाच गाठोड्यात बांधले की सलवारीवरचा डाग ओढणीवर उमटतो, आणि कोर्टात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

हाच नियम स्वॅबलाही लागू पडतो. कोरड्या जागेवरून घ्यायचा असेल तर बोळा डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला करा, घेतल्यावर हवेत पूर्ण सुकू द्या, मगच नळीत घाला. सुकायच्या आत टोपण लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. २०१४च्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ७२ तासांनंतर पुरावा मिळण्याची शक्यता बरीच घटते, तरी तासांचा अंदाज चुकू शकतो म्हणून ९६ तासांपर्यंत नमुने घ्यावेत. रुग्णाला लघवीला जायचं असेल तर अडवू नका. गुंगीचं औषध दिल्याचा संशय असेल तर स्वच्छ डबी द्या, ती पहिली लघवी जपून ठेवा आणि आधी पुसू नका असं सांगा. नमुने घेण्याआधी सवयीने सॅव्हलॉन किंवा बेटाडीन लावून कॅथेटर टाकला की तिथला पुरावा संपलाच म्हणून समजा.

रक्ताच्या बाबतीतही सवयच नडते. दारूच्या तपासणीसाठी रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसली, तर आरोपीच्या वकिलाला दुसरं काही शोधावं लागत नाही. साबण-पाण्याने पुसा, तसं नोंदवा, आणि रक्त सोडियम फ्लोराइडच्या, म्हणजे राखाडी टोपणाच्या नळीत घ्या. डीएनएसाठी ईडीटीएची जांभळी नळी. रक्त चढवण्याआधी नमुना घ्या. आधीच चढवलं गेलं असेल तर तसं ठळक लिहा.

विषबाधेत रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) निघालेलं पहिलं पाणी, कुठलंही औषध किंवा पोटॅशियम परमँगनेट घालण्याआधीचं, बाटलीत वेगळं ठेवा. नंतरच्या लिटरभर पाण्याला फारशी किंमत नाही. भोसकलेल्या किंवा गोळी लागलेल्या माणसाचे कपडे कापावेच लागले तर कात्री भोकातून चालवू नका, भोकापासून लांबून कापा. भोकाचा आकार आणि कडा हाच पुरावा असतो.

आणि ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरांनी भिंतीवर चिकटवून ठेवावी अशी एक गोष्ट. बलात्कारातून राहिलेला गर्भ काढला की तो डीएनए तपासणीला जातो. थिएटरची सवय अशी की कुठलाही टिश्यू आला की फॉर्मेलिनच्या बाटलीत. फॉर्मेलिन डीएनएची नासाडी करतं. नॉर्मल सलाइनने धुऊन, स्वच्छ डबीत, बर्फावर, हीच पद्धत बरोबर. फॉर्मेलिनमध्ये बुडवलेला नमुना पुन्हा मिळत नाही.

भाजलेल्या बाईचा जबाब घ्यायला नायब तहसीलदार येतात, शुद्धीत असल्याचा शेरा डॉक्टर देतात. पण वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा वकील तुमचा ड्रग चार्ट मागवतो. जबाब १०.४० ला झाला आणि गुंगी आणणारं वेदनाशामक इंजेक्शन १०.२० ला दिलेलं असेल, तर तो जबाब डळमळतो. म्हणून इंजेक्शनची वेळ अंदाजाने, शिफ्ट संपताना एकदम भरायची नाही. या वेळांच्या गोंधळाचं मूळ कित्येकदा भिंतीवरच्या घड्याळात असतं: ते सात मिनिटं पुढे, डॉक्टरचा मोबाइल बरोबर, पोलिसांची स्टेशन डायरी तिसरीच. ड्युटी घेतानाच घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या.

नोंदी कशा लिहाव्यात यावर नर्सिंगच्या पुस्तकांत पानंच्या पानं आहेत, त्यातलं थोडंच सांगते. रुग्ण बोलली ते तिच्याच शब्दांत, अवतरण चिन्हांत, तिच्या बोलीत लिहा. ‘त्यानं मला गळ्याला धरलं न् भितीला दाबलं’ हे ‘मारहाणीचा इतिहास’ पेक्षा शंभर पटींनी मोलाचं आहे. जखम लिहिताना माप, जागा आणि रंग द्या: ‘डाव्या दंडाची बाहेरची बाजू, कोपरापासून ६ सेंमी वर, ३ × २ सेंमी, लालसर जांभळा व्रण’. त्या रंगावरून व्रण किती दिवसांचा हे मात्र लिहू नका, तो अंदाज भरवशाचा नसतो. ‘बलात्कार झालेला दिसत नाही’ असं काहीही लिहायचं नाही. जखम नसणं म्हणजे गुन्हा न घडणं नव्हे. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आणि पुन्हा २०२२ साली फेटाळली आहे. तुमच्या हॉस्पिटलच्या छापील फॉर्ममध्ये तो रकाना अजून शिल्लक असेल, तर अधिसेविकांमार्फत लेखी कळवा. फोटो स्वतःच्या मोबाइलवर कधीही काढू नका.

सील केल्यावरही काम उरतं. लेबलवर एमएलसी (पोलीस केसचा) नंबर, नमुना कुठून घेतला, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही. लाखेचं सील आणि त्याचा नमुना-ठसा वेगळ्या कागदावर. पाकीट पोलिसांकडे जाईपर्यंत कुलपात, आणि किल्ली कोणाकडे हे रजिस्टरमध्ये. ‘रात्री दोन ते सकाळी नऊ हे पाकीट कुठे होतं?’ या प्रश्नाला ‘टेबलावर’ हे उत्तर द्यायची वेळ येऊ नये. हवालदाराने पाकीट नेलं की नाव, बक्कल नंबर, वेळ आणि सही. नंतर मुंबईतल्या कालिन्याच्या किंवा विभागीय प्रयोगशाळेतून सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट येतो तेव्हा त्यावरचा शेरा तुमच्या वॉर्डापर्यंत पोहोचत नाही. तुमच्या बाबतीत तो पोहोचला, हे नशीबच.

हे सगळं करताना उपचार मागे पडता कामा नये, आणि प्रत्यक्षात तो पडतो. पोलीस यायची वाट बघत बाईला बाकावर बसवून ठेवणं बेकायदेशीर आहे. तपासणीला पोलिसांचं पत्र लागत नाही. मोफत उपचार देणं सरकारी-खासगी सगळ्या रुग्णालयांवर बंधनकारक आहे आणि नाकारला तर रुग्णालय चालवणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा होतो. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस. ‘तीन दिवसांच्या घे, मग सेंटरला ये’ असं सांगून पाठवलेली बाई परत येईलच याचा भरवसा नाही, म्हणून पूर्ण कोर्स हातात कसा देता येईल ते पाहा. गर्भनिरोधक गोळी लेवोनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅ, शक्य तितक्या लवकर. धनुर्वाताचं इंजेक्शन, हेपॅटायटिस बीची लस. या नोंदी तुमच्याच नोट्समध्ये असतात.

आता शिक्षण. एमएस्सी नर्सिंगला फॉरेन्सिक हा विषय सहसा मिळत नाही, मिळतात त्या ठरलेल्या पाच शाखा. तुमचा रोख हिंसेने झालेल्या मानसिक आघाताकडे असेल तर मानसिक आरोग्य परिचर्या घ्या, लैंगिक अत्याचाराच्या कामाकडे असेल तर प्रसूती व स्त्रीरोग. कॅज्युअल्टीच सोडायची नसेल तर मेडिकल-सर्जिकल. आमचा कौल पहिलीला. मुलाखत घेण्याची, ऐकण्याची आणि आघाताचं मोजमाप करण्याची शिस्त तिथे लागते आणि संशोधनात तीच कामाला येते. एमएस्सीचा प्रबंध मात्र वाया घालवू नका. ‘अमुक विषयावरील ज्ञानाचं मूल्यमापन, शिक्षणापूर्वी व नंतर’ या साच्यातले प्रबंध कॉलेजच्या कपाटात ढिगाने पडलेत. प्रश्नावली, पाऊण तासाचं व्याख्यान, पुन्हा तीच प्रश्नावली, आणि गुण वाढले. गुण वाढणारच होते.

शासकीय नोकरीत असल्याने अध्ययन रजा, ना हरकत आणि बंधपत्र यांची चौकशी अर्ज भरण्याआधी करा, निवड झाल्यावर नाही. पीएचडीसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आहे. बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली नर्सिंग पीएचडीची राष्ट्रीय योजनाही आहे, ती परिषदेनेच चालवली आहे. मार्गदर्शक शोधताना अडचण येईल, कारण नर्सिंगच्या मार्गदर्शकांत या विषयाचे लोक कमी आणि न्यायवैद्यकशास्त्राचे डॉक्टर नर्सिंगच्या पीएचडीला मुख्य मार्गदर्शक म्हणून चालत नाहीत. मुख्य मार्गदर्शक नर्सिंगचा आणि सहमार्गदर्शक न्यायवैद्यकशास्त्राचा, ही जोडी आधीच जमवून, लेखी संमती घेऊन मगच विषय नोंदवा.

विषय तुमच्या पत्रातच आहे. तुम्हाला तो अपराध वाटतो. संशोधक त्याला प्रश्न म्हणेल. वर्षभरात तुमच्या कॅज्युअल्टीतून सील होऊन गेलेल्या नमुन्यांपैकी किती कागदात होते, किती प्लास्टिकमध्ये? किती लेबलांवर सगळे रकाने भरलेले होते? किती पाकिटांच्या ताब्याची साखळी, म्हणजे पाकीट कोणाकडून कोणाकडे गेलं याची नोंद, सलग आहे? कागदी पाकिटं आणि भिंतीवरची एक पानाची सूचना आल्यानंतर हे आकडे बदलतात का? घाईघाईने पाकिटं आणून मोकळ्या होऊ नका, आधीची स्थिती मोजायची राहून जाईल. आणि मोजण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या. माहिती गोळा करून झाल्यावर मागितलेली मंजुरी मिळत नाही, त्या अभ्यासाला चांगलं नियतकालिक हात लावत नाही. फायलींमधून माहिती काढताना दहातली एक फाइल दोघींनी स्वतंत्र वाचा आणि दोघींचं किती जुळतं ते कप्पा मूल्य काढून दाखवा.

निष्पत्ती म्हणून ‘आरोपीला शिक्षा झाली का’ हे घेऊ नका. हा मोह प्रत्येकाला होतो. शिक्षा साक्षीदार फुटण्यावर, तारखांवर, सरकारी वकिलावर अवलंबून असते. तुमच्या पाकिटाचा त्यातला वाटा वेगळा काढता येत नाही. जे सिस्टरच्या हातात आहे तेच मोजा. वर्षाला ४० केसेस येत असतील तर एका सिव्हिलच्या आकड्यांवरून काही ठाम म्हणता येणार नाही, तीन-चार जिल्हे जोडावे लागतील. नाहीतर सरळ गुणात्मक अभ्यास करा: कॅज्युअल्टीतल्या २०-२५ सिस्टरांच्या सखोल मुलाखती. रात्री तीन वाजता लाख, मेणबत्ती आणि पाकीट कुठून आणता, हे त्या सांगतील ते आकड्यांत सापडत नाही.

वॉर्डातल्या कागदांनी किती मोठी गोष्ट हलते, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सेवाग्रामचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या तपासणीतल्या त्रुटी कागदावर मांडल्या आणि २०१० साली हा विषय जनहित याचिकेतून नागपूर खंडपीठापुढे गेला. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात आरोग्यावर संशोधन करणारी सेहत संस्था आणि पालिका यांनी २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, घरगुती हिंसेतल्या बायकांसाठी, रुग्णालयाच्या आतच. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते गेलं. नर्सने विचारलेला प्रश्न किती लांब जातो हे पाहायचं असेल तर जॉन्स हॉपकिन्सच्या जॅकलिन कॅम्पबेल यांचं काम वाचा. त्या मूळच्या नर्स. नवऱ्याच्या हातून जीव जाण्याचा धोका बाईला किती आहे, हे पडताळण्यासाठी त्यांनी १९८०च्या दशकात एक साधन केलं. आज त्यात २० हो-नाही प्रश्न आहेत, आणि त्याआधी बाईने वर्षभराच्या दिनदर्शिकेवर मारहाणीचे दिवस खुणावायचे. त्यांच्याच सहकारी नॅन्सी ग्लास यांच्या २००८च्या अभ्यासात दिसलं, की आधी कधी गळा दाबला गेलेल्या बाईच्या खुनाची शक्यता सुमारे सातपट असते. आपल्या एमएलसी रजिस्टरात गळा दाबणं ‘मारहाण’ या एका शब्दात बुडून जातं, कारण बऱ्याचदा मानेवर खूणच नसते. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का, त्या वेळी कपड्यांत लघवी झाली होती का, हे विचारलं जातच नाही. हा विषय महाराष्ट्रातल्या नर्सची वाट बघतो आहे.

दोन्ही एकत्र जमतं का? जमतं, पण एकाच रुग्णावर नाही. ज्या मुलीचे नमुने तुम्ही सील केलेत ती तुमच्या अभ्यासातली प्रतिसादक होऊ शकत नाही. पलंगाशेजारच्या सिस्टरला ‘नाही’ म्हणणं तिला जमत नसतं, त्यामुळे ती संमती खरी संमती नव्हे. शिवाय तुम्ही त्या खटल्यातल्या साक्षीदार आहात. वकिलाला अशिलाच्या गुपितासाठी जसं कायद्याचं संरक्षण असतं तसं संशोधकाला नाही, तुमची मुलाखतीची वही कोर्ट मागवू शकतं. म्हणून वहीत नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा, आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात. अठराच्या आतल्या मुलाने मुलाखतीत अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं तुम्हाला भाग आहे. ‘सगळं गुप्त राहील’ असं संमतिपत्रात लिहिलंत तर ते खोटं ठरेल. ही अट आधीच स्पष्ट लिहा. ओळख उघड करण्याबाबत न्याय संहितेचं कलम ७२ आणि पॉक्सोचं कलम २३ कडक आहे, आणि नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘१४ वर्षांची, अमुक तालुक्यातल्या आश्रमशाळेतली’ एवढ्यावर सगळा तालुका ओळखतो. घरगुती हिंसेवर मुलाखती घेणार असाल तर जागतिक आरोग्य संघटनेची २००१ची शिफारस पाळा: एका घरातून एकच बाई, आणि अभ्यासाचं नाव गावात ‘महिलांचं आरोग्य’ एवढंच सांगायचं.

छापण्याचं थोडक्यात. पैसे भरून आठवड्यात छापणारी नियतकालिकं टाळा, पुढे निवड समितीत तीच आडवी येतात. मुंबईचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स या विषयासाठी योग्य घर आहे. फॉरेन्सिक नर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं जर्नल ऑफ फॉरेन्सिक नर्सिंगही आहे.

परदेशाचा विचार असेल तर क्रम उलटा लागेल: आधी त्या देशाची नोंदणी, मग ही शाखा. ब्रिटनमध्ये मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९८६ साली पहिलं लैंगिक अत्याचार सहाय्य केंद्र उघडलं. आज अशा केंद्रांत आणि पोलीस कोठड्यांत परिचारिका काम करतात. अमेरिकेत ४० तासांचं वर्गशिक्षण आणि त्यानंतर प्रत्यक्ष तपासण्यांचे तास, मग प्रमाणन परीक्षा. ते ४० तास आधी ऑनलाइन उरकले तरी प्रात्यक्षिकाचे तास इथे बसून भरत नाहीत.

कोर्टात तुम्हाला समन्स येईल ते तज्ज्ञ म्हणून नव्हे, ‘मी काय केलं, काय पाहिलं’ एवढं सांगायला. ‘सिस्टर, तुमच्या मते ही जखम कशाने झाली?’ असं विचारलं तर ‘ते डॉक्टर सांगतील’ हेच उत्तर. पुढे एमएस्सी, पीएचडी, प्रसिद्ध निबंध हाताशी आल्यावर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली एखादं कोर्ट तुम्हाला विशेष कुशल व्यक्ती मानू शकतं. त्या कलमात पदव्यांची यादी नाही, निर्णय न्यायाधीशांचा.

सोमवारी इनचार्ज सिस्टरांकडे तपकिरी कागदाची पाकिटं तीन मापांत, पांढऱ्या कागदाचा रोल, लाख, डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या आणि एक कुलपाचं कपाट यांची लेखी मागणी द्या. पण त्याआधी मागच्या १२ महिन्यांची एमएलसी आणि सील-रजिस्टरं कुठे ठेवली जातात ते पाहून ठेवा. जुनी रजिस्टरं रद्दीत गेली तर तुमचा पहिला अभ्यासही रद्दीत जाईल.

ता. क. डिप्लोमाच्या ‘सीट बुकिंग’साठी काही रक्कम आधीच भरली असेल तर पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ‘हमखास प्लेसमेंट’ हे शब्द असलेला मेसेज जपून ठेवा आणि परताव्याची मागणी ईमेलवर करा, फोनवर नको. नाही दिली तर ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी हेच कागद लागतात.